पदवीच्या कागदामागचे कागद

मैत्रिणींनो, गेल्या वेळी साठवणीच्या तिखटाबद्दल लिहिलं, त्यावर बऱ्याच जणींची पत्रं आली. त्यांना उत्तरं पुढच्या अंकात नक्की देईन. आज मात्र स्वयंपाकघरातून जरा बाहेर यायचं आहे. बारावीचे निकाल लागले आहेत, सीईटीचे मार्क हातात आले आहेत आणि घरोघरी एकच विषय चालू आहे : इंजिनिअरिंगला कुठे घालायचं? आमच्या घरीही तेच. त्यातून मला जे शिकायला मिळालं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आधीच सांगते, मी इतिहासाची बी. ए. शाळेत अर्धवेळ शिकवते. इंजिनिअरिंगमधलं मला ओ का ठो कळत नाही. पण कागद वाचता येतात, आणि हे सगळं प्रकरण कागदांचंच आहे बरं का!

वटपौर्णिमेला थोरल्या वन्संकडे सांगलीला गेले होते. वन्संना दोन मुली. थोरली सिव्हिल इंजिनिअर, लग्न होऊन टोरांटोला गेलेली. धाकटी शेंडेफळ, यंदाच बारावी झालेली. संध्याकाळी वडाची पूजा आटोपून आम्ही पडवीत बसलो होतो, तेवढ्यात थोरलीचा फोन आला. फोनवर तिचा चेहरा दिसत होता, तो उतरलेला.

“आई, माझ्या साइटच्या वह्या कुठे आहेत गं? निळ्या पुठ्ठ्याच्या. चार होत्या.”

वन्सं गप्प. मग म्हणाल्या, “अगं, तुझ्या लग्नाआधी घराला रंग काढला, तेव्हा माळा साफ केला ना... दोन असतील बहुतेक. बाकीच्या रद्दीत गेल्या.”

पलीकडे काही क्षण कोणीच बोललं नाही. नंतर ती एवढंच म्हणाली, “असू दे आई. तुला काय माहीत!” आणि तिने फोन ठेवला. वन्सं तिथेच डोळ्याला पदर लावून बसल्या. “वहिनी, मी काय केलं हो? जुन्या वह्याच तर होत्या!”

त्या वह्यांत काय होतं, ते मला रात्री थोरलीने सविस्तर सांगितलं. तेच आधी तुम्हाला सांगते.

पदवी म्हणजे परवाना नव्हे

आपल्याकडे मुलगी बी. ई. झाली की आपण पेढे वाटतो आणि तिला इंजिनिअर म्हणतो. आपल्या देशात सगळ्या इंजिनिअरांना मिळून परवाना देणारा एकच केंद्रीय कायदा नाही. डॉक्टरांना असते तशी सक्तीची नोंदणी इथे नाही. इमारतींच्या नकाशावर सह्या करणाऱ्या इंजिनिअरांना महापालिकेचा परवाना लागतो आणि त्यासाठी पदवीबरोबर अनुभवही दाखवावा लागतो. पण सरसकट सर्वांना तसं काही लागत नाही.

कॅनडात तसं नाही. तिथे ‘प्रोफेशनल इंजिनिअर’ ही उपाधी कायद्याने राखून ठेवलेली आहे. प्रत्येक प्रांताचं वेगळं मंडळ परवाना देतं. टोरांटो ज्या ऑन्टारिओ प्रांतात आहे, तिथलं मंडळ तीन गोष्टी बघतं. पहिली, शिक्षण. दुसरी, ४८ महिन्यांचा कामाचा अनुभव. तिसरी, व्यवसायातली नीती आणि कायदा यांची परीक्षा. परवाना नसला तर नोकरीच मिळत नाही असं नाही हं. परवानाधारक इंजिनिअरच्या देखरेखीखाली काम करता येतं. पण स्वतःच्या जबाबदारीवर सही करता येत नाही, आणि बढतीच्या वेळी ती सहीच आडवी येते.

पूर्वी त्या ४८ महिन्यांतले निदान १२ महिने कॅनडातच काढलेले असावे लागत. परदेशातून आलेल्यांची त्यात फार कोंडी व्हायची : परवाना नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून परवाना नाही. ऑन्टारिओने २०२३ साली ही अट काढून टाकली. आता सांगली-कोल्हापूरला केलेलं कामही दाखवता येतं. आमच्या भाचीला हे कळलं तेव्हा तिला आनंद झाला. लग्नाआधी तिने एका छोट्या सल्लागार कार्यालयात ४० महिने काम केलं होतं. गावांच्या पाणीपुरवठा योजना, टाक्यांची गणितं, पाइपलाइनचे नकाशे हे सगळं ती स्वतः करायची. उन्हातान्हात साइटवर जायची. वन्सं तेव्हा कुरकुरायच्या, “मुलीचा रंग रापला,” म्हणून.

पण “४० महिने काम केलं” एवढं सांगून भागत नाही. तिथे कामाची ३४ कौशल्यं ठरवून दिलेली आहेत. तांत्रिक ज्ञान, सुरक्षितता, लोकांशी बोलणं, खर्चाचा हिशेब, समाजावर होणारा परिणाम, अशी त्यांची सात गटांत वाटणी केली आहे. प्रत्येकासाठी आपल्या कामातलं एक उदाहरण लिहायचं : अडचण काय होती, मी काय केलं, काय झालं. आणि ज्या इंजिनिअरच्या हाताखाली काम केलं, त्यांनी ते खरं असल्याचं सांगायचं.

आता हिच्याकडे काय होतं? नोकरी सोडताना मिळालेला दोन ओळींचा दाखला. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत काम केले, वर्तणूक चांगली. बस! लग्नाची घाई, व्हिसाची घाई, त्यात कोणी अधिक मागितलं नाही आणि कोणी दिलंही नाही. नंतर ते कार्यालय मालकांच्या वयामुळे बंद झालं. कोणत्या टाकीचं गणित कोणत्या महिन्यात केलं, माती कशी निघाली, आराखडा का बदलावा लागला, हे सगळं त्या निळ्या वह्यांत होतं. त्यातल्या दोन किलोच्या भावाने गेल्या.

ही अट आली कुठून?

मला आधी रागच आला. पदवी घेतली, मार्क मिळवले, मग आता हे आणखी काय? तेव्हा भाचीनेच मला समजावलं. “मामी, पोळी कशी करायची हे पुस्तकात वाचलं म्हणून पहिल्याच दिवशी शंभर माणसांच्या पंगतीच्या पोळ्या माझ्यावर सोपवशील का तू?”

खरंच आहे. कॅनडात क्वेबेक शहराजवळ सेंट लॉरेन्स नदीवर मोठा पूल बांधत होते. २९ ऑगस्ट १९०७ ला तो बांधता बांधताच कोसळला आणि ७५ कामगार गेले. पुलाचं वजन आधी धरलं होतं त्यापेक्षा खूप वाढलं होतं, आणि खालच्या तुळ्या वाकू लागल्याचं दिसत असूनही काम वेळेवर थांबलं नाही. १९१६ साली त्याच पुलाचा मधला भाग चढवताना पडला आणि आणखी १३ जण गेले. अखेर १९१७ साली पूल पुरा झाला. अशा चुकीची किंमत चूक करणारा देत नाही, खाली उभा असलेला देतो. म्हणूनच शिकलेल्या माणसाने आधी जाणत्याच्या नजरेखाली काही वर्षं काढावी, असा दंडक पडला. कॅनडात १९२५ पासून नव्या इंजिनिअरांना एका समारंभात साधी लोखंडी अंगठी देतात. ती कामाच्या हाताच्या करंगळीत घालायची. सही करताना, नकाशा काढताना ती कागदाला घासते आणि जबाबदारीची आठवण करून देते.

आणि अनुभवाची अट आपल्याकडेही नवी नाही बरं! आपल्या देशातल्या पहिल्या महिला इंजिनिअरांपैकी ए. ललिता यांची हकीकत ऐका. लग्न पंधराव्या वर्षी. अठराव्या वर्षी वैधव्य, कडेवर चार महिन्यांची मुलगी. वडील मद्रासच्या गिंडी इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांनी लेकीला त्याच कॉलेजात विजेच्या इंजिनिअरिंगला घातलं. शिक्षण झालं, तरी पदवीसाठी वर्षभराची उमेदवारी करावीच लागे. ललिताबाईंनी ती बिहारमधल्या जमालपूरच्या रेल्वे कारखान्यात केली. १९४३ साली त्यांना पदवी मिळाली. पदवीपत्रावर ‘तो’ या अर्थाचा इंग्रजी शब्द छापलेला होता, तो खोडून हाताने ‘ती’ असं लिहावं लागलं! पुढे त्यांनी भाक्रा-नांगल धरणाच्या विजेच्या कामातही भाग घेतला. लंडनच्या विद्युत इंजिनिअरांच्या संस्थेने १९५३ साली त्यांना सहयोगी सभासद करून घेतलं आणि पूर्ण सभासदत्व मिळालं १९६६ साली. मधली १३ वर्षं त्या काम करीतच होत्या.

दुकान, माल आणि तारीख

आता धाकटीकडे वळू या. थोरलीचा गोंधळ ऐकून धाकटी सावध झाली होती. तिच्यापुढे तीन-चार कॉलेजांची चकचकीत पुस्तकं पडली होती. एकावर मोठ्या अक्षरांत ‘मानांकित’ असं छापलेलं. वन्संचे यजमान म्हणाले, “हे घ्या, इथे शिक्काच आहे. झालं काम.” घरापासून जवळ, वसतिगृहाचा खर्च नाही. यजमान दोन वर्षांनी निवृत्त होणार, तेव्हा त्यांचं म्हणणंही चुकीचं नव्हतं.

पण मी शिक्षिका ना! मी विचारलं, “मानांकन कोणाचं? कशाचं? कधीपर्यंतचं?” कोणालाच सांगता येईना. मग आम्ही तिघी रात्री अकरापर्यंत संगणकासमोर बसलो. जे समजलं ते आपल्या भाषेत सांगते.

पहिली असते मान्यता. ती अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद देते, जिला सगळे एआयसीटीई म्हणतात. ही मान्यता म्हणजे दुकान उघडायचा परवाना. कोणती शाखा, किती जागा, हे त्यात लिहिलेलं असतं. ही नसेल तर त्या दारात पाऊलच टाकू नका.

दुसरं असतं नॅकचं मानांकन. ते सबंध कॉलेजाला किंवा विद्यापीठाला मिळतं. म्हणजे दुकान एकंदरीत कसं चालतं, त्याची श्रेणी.

तिसरं असतं एनबीएचं, म्हणजे राष्ट्रीय मानांकन मंडळाचं. हे मंडळ १९९४ साली स्थापन झालं. हे मानांकन कॉलेजाला नसतं, एकेका शाखेला असतं! म्हणजे दुकानातल्या एकेका वस्तूवरचा शिक्का. कुकरवर आयएसआयचा शिक्का आहे म्हणून त्याच दुकानातल्या मिक्सरवरही असेलच असं आपण धरतो का? नाही ना? तसंच हे. आणि या शिक्क्याला मुदत असते, साधारण तीन वर्षं किंवा सहा वर्षं. गॅसच्या नळीवरची तारीख आपण बघतो, तशी ही तारीख बघायची.

त्या जवळच्या कॉलेजात मेकॅनिकल आणि सिव्हिल या दोन शाखांना एनबीए होतं. धाकटीला हवी होती कृत्रिम बुद्धिमत्तेची नवी शाखा. तिला नव्हतं. कॉलेजने खोटं छापलं होतं का? नाही. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत शाखांची नावं दिलेली होती. आपणच पहिलं पान वाचून थांबलो होतो. शिवाय नव्या शाखेच्या दोन तुकड्या पदवी घेऊन बाहेर पडल्याशिवाय तिला हे मानांकन मागताच येत नाही. तेव्हा शिक्का नाही म्हणजे शिक्षण वाईट, असंही समजू नका. माल नवा आहे आणि अजून तपासलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मग हा शिक्का हवाच कशाला? इथे नोकरी करणाऱ्या बऱ्याच जणांना त्याची विचारणाही होत नाही. संगणकाच्या कंपन्या तर मुलाखतीत काम येतं का तेवढंच बघतात. पण बाहेर शिकायला किंवा परवाना घ्यायला जायचं असेल तर त्याला किंमत येते. त्यासाठी एक आंतरराष्ट्रीय करार आहे, वॉशिंग्टन करार. १९८९ साली सहा देशांच्या संस्थांनी तो केला. त्यात अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड होते. एकमेकांनी तपासलेलं इंजिनिअरिंगचं शिक्षण साधारण आपल्याच तोडीचं समजायचं, असा तो समजूतदारपणा. आपलं एनबीए २०१४ साली त्याचं पूर्ण सभासद झालं.

इथे एक मेख आहे, ती नीट वाचा. एनबीएचे दोन प्रकार आहेत : टिअर-१ आणि टिअर-२. विद्यापीठं आणि स्वायत्त कॉलेजं टिअर-१ मध्ये येतात. विद्यापीठाला संलग्न असलेली, म्हणजे ज्यांचे पेपर आणि अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवतं, ती टिअर-२ मध्ये. वॉशिंग्टन कराराचा फायदा फक्त टिअर-१ ला आहे. थोरलीच्या शाखेला एनबीए होतं, पण टिअर-२. तिला हे टोरांटोला गेल्यावर समजलं. आणखी एक : हा करार शिक्षणापुरता आहे, परवान्याचा नाही. करारातली पदवी असली तरी परीक्षा घ्यायची की नाही हे तिथलं मंडळ ठरवतं, आणि अनुभवाचे महिने तर कोणालाच चुकत नाहीत.

दारावरून परत पाठवावं असं काही

दोन गोष्टींबद्दल मुद्दाम सावध करते, कारण त्यात आपल्यासारख्या घरांतले पैसे अडकतात.

एक, घरबसल्या टपालाने मिळणारी इंजिनिअरिंगची पदवी. काही अभिमत विद्यापीठांनी परवानगी नसताना दूरशिक्षणाने बी. टेक. दिलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित केल्या आणि त्यांना पुन्हा परीक्षा द्यायला लावली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या तर रद्दच झाल्या. नोकरी लागलेल्या, बढती मिळालेल्या माणसांवर हा प्रसंग आला.

दुसरी, ए. एम. आय. ई. ही परीक्षा. कोलकात्याची इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही १९२० सालची जुनी संस्था ती घेते. कारखान्यात नोकरी करता करता रात्री अभ्यास करून ए. एम. आय. ई. झालेले कितीतरी काका-मामा तुमच्याही नात्यात असतील. त्यांची पात्रता पक्की आहे. पण ३१ मे २०१३ पर्यंत ज्यांनी नाव नोंदवलं, त्यांच्यापुरतीच ती सरकारी नोकरीसाठी पदवीच्या बरोबरीने धरतात. तेव्हा “आमचे अण्णा असेच इंजिनिअर झाले” म्हणून आज मुलाला त्या वाटेवर पाठवण्याआधी चौकशी करा.

उमेदवारीचं वर्ष

अनुभव मिळवायचा कसा, हा पुढचा प्रश्न. त्यालाही आपल्याकडे चांगली सोय आहे, पण ती फार थोड्यांना ठाऊक असते. १९६१ चा अप्रेंटिस कायदा आपण आयटीआयच्या मुलांसाठी समजतो. १९७३ साली त्यात दुरुस्ती होऊन पदवीधर आणि पदविकाधारक इंजिनिअरही आले. पदवीनंतर एक वर्षाची उमेदवारी करता येते, दरमहा विद्यावेतन मिळतं आणि शेवटी सरकारी प्रमाणपत्र. आपल्या पश्चिम विभागाचं शिकाऊ उमेदवारी मंडळ मुंबईला आहे. विद्यावेतन पगाराइतकं नसतं हे खरं. पण त्या प्रमाणपत्रावर केलेल्या कामाची नोंद राहते. घरी बसून “चांगली नोकरी लागेपर्यंत थांबू” म्हणण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

आयांनी काय करावं?

आता अगदी आपल्या कामाचं. मुलगा-मुलगी हुशार असतात, पण कागद जपायची अक्कल त्या वयात नसते. ती आपल्याकडे असते. म्हणून एवढं करा :

१) पर्यायांचा अर्ज भरण्याआधी एनबीएच्या संकेतस्थळावरच्या यादीत त्या कॉलेजची तीच शाखा शोधा. टिअर कोणता आणि मुदत कधीपर्यंत, हे वहीत उतरवून ठेवा. आपलं मूल पदवीधर होईल त्या वर्षी मुदत संपलेली असेल, तर नूतनीकरणाचं काय, हे कॉलेजात विचारा. विचारायला लाजू नका, फी आपण भरतो.

२) चार वर्षांचा अभ्यासक्रम, म्हणजे कोणत्या विषयात काय शिकवलं ते, दरवर्षी छापून फाइलला लावा. परदेशात तो मागतात, आणि दहा वर्षांनी तो मिळवताना चपला झिजतात. गुणपत्रिका आणि विद्यापीठाचे सीलबंद उतारेही वेळेवर काढून ठेवा.

३) उन्हाळी सुट्टीत कारखान्यात किंवा साइटवर केलेल्या कामाचा दाखला घ्या. त्यात नुसत्या तारखा नकोत, काम काय केलं ते हवं.

४) नोकरी लागली की पहिल्या दिवसापासून एक वही. आठवड्याला चार ओळी पुरेत. काय अडचण आली, मी काय केलं, साहेब कोण होते. कंपनीची गुपितं मात्र त्यात लिहायची नाहीत.

५) नोकरी सोडताना सविस्तर अनुभवपत्र मागा. हुद्दा, कामाचं स्वरूप, कोणाच्या हाताखाली, आठवड्याचे किती तास, हे सगळं त्यात असावं. नेमणुकीचं पत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, फॉर्म १६, प्रॉव्हिडंट फंडाचा हिशेब एकत्र ठेवा. साहेबांचा घरचा पत्ता आणि फोन घ्यायला विसरू नका. कार्यालय बंद पडतं, माणूस सापडतो.

६) आणि मुलींच्या आयांनो, हे दोनदा वाचा. पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने. आपल्याकडे तर मधलं नावही बदलतं, कुठे कुठे पहिलंसुद्धा! परदेशातल्या माणसाला या दोन बायका वाटतात. विवाह नोंदणीचा दाखला, नाव बदललं असेल तर राजपत्राचा कागद, आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. नाव बदलायचंच का, हा विचारही एकदा करून बघायला हरकत नाही. आमच्या सासूबाईंनीसुद्धा परवा “खरंच, कशाला बदलायचं?” असं म्हणून मला चकित केलं!

पुढे काय झालं?

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्संनी स्वतः माळ्यावर चढून त्या दोन वह्या काढल्या. अंगावरची धूळ झटकली नाही की चहा घेतला नाही. एकेका पानाचा फोटो धाकटीने काढून टोरांटोला पाठवला. यजमानांनी चार ठिकाणी फोन करून थोरलीच्या जुन्या साहेबांचा पत्ता लावला. ते आता नाशिकला मुलाकडे असतात. वय झालं आहे, पण स्मरण पक्कं. “ती टाकीवाली मुलगी ना? तिने माझी चूक काढली होती एकदा!” असं म्हणाले म्हणे. वह्यांवरून जेवढं काम पडताळता आलं, तेवढ्याला त्यांनी पुष्टी द्यायचं कबूल केलं. ते निघालं २२ महिन्यांचं. उरलेल्या १८ महिन्यांचं काम तिने केलेलं आहे, त्या टाक्यांतलं पाणी आजही लोक पितात, पण दाखवायला हातात काही नाही. त्यावर तिने रडणं सोडून दिलं आहे. तिथे एका परवानाधारक इंजिनिअरच्या हाताखाली तिला काम मिळालं आहे. हे महिने ती आता पहिल्यापासून मोजते आहे. अर्ज दिल्यावर मंडळ काय म्हणतं, परीक्षा किती देते, ते कळेलच.

धाकटीने यादीत पहिला पर्याय बदलला. दूरच्या स्वायत्त कॉलेजची इलेक्ट्रॉनिक्स शाखा तिने वर घेतली. टिअर-१, मुदतही तिच्या पदवीच्या वर्षापलीकडची. जवळच्या कॉलेजची नवी शाखा दुसरी ठेवली आहे. ती मिळाली तरी ती डोळे उघडे ठेवून घेईल. वसतिगृहाच्या खर्चाचा हिशेब आम्ही बसून मांडला. वन्संनी यंदा दिवाळीत करायच्या पाटल्या पुढे ढकलल्या. यजमान काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी बँकेतून शैक्षणिक कर्जाचा अर्ज घेऊन आले.

निघताना वन्सं मला पोचवायला स्टँडवर आल्या होत्या. एसटीत बसल्यावर खिडकीशी येऊन म्हणाल्या, “वहिनी, तुमच्या त्या मासिकात लिहा हो हे. माझं नाव नका घालू, पण लिहा. रद्दीवाला सगळ्यांच्याच दारात येतो.”

म्हणून लिहिलं. तुमच्या माळ्यावर लेकीसुनांची खोकी असतील, तर ती देण्याआधी एकदा त्यांना विचारा. आणि सून घरात आली असेल, तर तिच्या नोकरीचे कागद तिच्या दागिन्यांच्याच डब्याशेजारी ठेवायला जागा द्या.

पुढच्या आठवड्यात तिखटाबद्दलच्या पत्रांना उत्तरं, आणि पावसाळ्यात डाळींना कीड लागू नये म्हणून काय करावं ते. तोपर्यंत कॉलेजचं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचा!